मी ‘दोन’ म्हणत राहिले

मानेचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी इंटरनेटवर इतरांचे अनुभव शोधून शोधून वाचले. बहुतेकांत शेवटी माणूस बरा होऊन टेकडी चढत होता. मधे काय होतं ते कुणी फारसं लिहिलेलं नव्हतं. बरं वाटायला लागल्यावर पुन्हा दुखू लागलं तर घरच्यांसमोर तोंड कसं उघडायचं, हे तर कुणीच नाही. मला ते जमलं नाही. कसं जमलं नाही, तेवढं इथे लिहिते आहे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. हे इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी फार व्यवस्थित बोलते, आणि त्या व्यवस्थितपणाच्या मागे लपता येतं. व्यायामाच्या सेंटरवर माझ्या शेजारच्या कॉटवर ज्या मावश्या-काकू असतात त्यांना वाचता यावं, हेही एक कारण आहे.

हट्ट

मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि लिहून कळवायच्या. दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर. मान आखडायची, पण ती ऑफिसात सगळ्यांचीच आखडते. मग डाव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत मुंग्या यायला लागल्या, आणि एके सकाळी केसांना रबर लावताना डाव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी पडद्यावरचा एक काळपट ठिपका पेनाने दाखवला. मानेतली एक गादी सरकून नस दाबत होती. “दुखण्यापेक्षा मला हाताची ताकद कमी होतेय त्याची जास्त काळजी वाटते,” ते म्हणाले. सरकलेली गादी काढायची, तिथे छोटा ठोकळा बसवायचा, वरचा आणि खालचा मणका पट्टी-स्क्रूने जोडायचा. काही महिन्यांत हाड भरून दोन मणक्यांचा एक होतो.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर सात प्रश्न लिहून आणले होते. सगळे विचारून झाल्यावर म्हणाले, “आमच्या ऑफिसातल्या एकांनी सहा महिने नुसता पट्टा लावला. आता रोज पर्वती चढतात.”

“थांबता येईल,” डॉक्टर म्हणाले, “पण गेलेली ताकद नंतर परत येईलच, असं मी सांगणार नाही.”

मी लहानपणापासून कशाचा हट्ट धरल्याचं आईला आठवत नाही. हॉटेलात मेन्यूकार्ड समोर आलं की मी “तुम्ही जे घ्याल ते” म्हणते. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, “मला ऑपरेशन करायचंय.” घरी आठवडाभर तेच म्हणत राहिले. शेवटी बाबांनी चष्मा काढून पुसला.

“ठीक आहे. मान तुझी, निर्णय तुझा. उद्या म्हणू नकोस, बाबांनी सांगितलं नाही.”

ते रागाने म्हणाले नाहीत. ते असंच बोलतात. पण पट्टीच्या आधी ते वाक्यच माझ्या मानेत घट्ट बसलं.

आवाज नसलेले दिवस

हे ऑपरेशन पुढून, गळ्यातून करतात हे मला आदल्या दिवशी नीट कळलं. जाग आली तेव्हा आवाज गेलेला होता. तो परत येतो, कुणी घाबरू नका, पण पहिले काही दिवस फक्त कुजबुजता येतं आणि पाणी गिळतानासुद्धा विचार करावा लागतो. खरं सांगायचं तर मला त्यात सुटल्यासारखं वाटलं. भेटायला येणारे आईशी बोलायचे, मी नुसतं बघायचे. कुणी माझ्याकडून काही अपेक्षा करत नव्हतं.

हातातल्या मुंग्या मात्र ऑपरेशनच्या दिवसापासूनच गेल्या होत्या. मी चादरीखाली अंगठा आणि तर्जनी पुन्हा पुन्हा जुळवून बघत होते.

वॉर्डात एक मावशी होत्या, साफसफाईच्या. तिसऱ्या दिवशी फरशी पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, “केसांचं काय घरटं करून ठेवलंयस गं?” हात धुऊन आल्या, माझं डोकं जराही न हलवता अर्धा तास बसून गुंता सोडवला आणि दोन सैल वेण्या घातल्या. ते त्यांचं काम नव्हतं. मला “थँक यू” एवढंच सुचलं, तेही ऐकू येईल असं नाही.

पेढे

सहा आठवड्यांनी मानेची कॉलर निघाली. एक्स-रे चांगला होता. आईने त्याच संध्याकाळी पेढे आणले आणि धायरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्या-मजल्यावर वाटले. मलाही बरोबर नेलं. दार उघडलं की आई म्हणायची, “हिला आता अगदी ठणठणीत बरं वाटतंय हो!” आणि मी गळ्यावरची आडवी खूण ओढणीने झाकत हसायचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “बरं झालं बाई. आम्हाला वाटलं, लग्नाचं वय, आता कसं व्हायचं.”

खाली उतरताना, डबा धरून बरोबर आलेले बाबा म्हणाले, “एक पेढा त्या पर्वतीवाल्यांना पाठवायला हवा.” ते त्यांचं हरल्याचं कबूल करणं होतं. मी त्या दिवशी इतकी खूश होते, की जिना उतरताना कठड्याला हात लावायचाही विसरले.

व्यायाम सुरू झाला. सिंहगड रोडवरच्या एका फिजिओथेरपी सेंटरवर आठवड्यातून तीन दिवस जायचं होतं. मला मिळालेली फिजिओथेरपिस्ट माझ्याहून एखाद्या वर्षाने लहान असेल. सारिका तिचं नाव. मी तिला सारिका मॅडम म्हणायचे आणि ती मला ताई. लोणी काळभोरहून रोज स्कूटीवर यायची. घरची शेती होती आणि घराण्यात शिकून असं काम करणारी ती पहिलीच. पेशंटशी बोलताना ती छापील मराठी बोलायची, पण घाईत असली की गावाकडचं यायचंच.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “कळ येते का ठणका लागतो?”

मला फरक माहीत नव्हता. ती हसली नाही. “कळ अशी येते आणि जाते,” तिने हवेत बोट ओढून दाखवलं. “ठणका बसून राहतो, पाहुण्यासारखा.” मग वहीत माझं नाव लिहून म्हणाली, “आणि दर वेळी मी आकडा विचारणार. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमच्या आकड्यावर मी पुढचा व्यायाम ठरवणार. मला आत डोकावून बघता येत नाही ना.”

जाताना तिने आणखी एक गोष्ट बजावली. “सहा महिने कुणाच्या पाया पडायचं नाही. लग्नाचा सीझन हाय. वाकायचं नाही म्हणजे नाही. सरळ हात जोडायचे आणि म्हणायचं, डॉक्टरांनी सांगितलंय.”

केळवण

ऑपरेशनला तीन महिने झाले असतील. शनिवार पेठेत आत्याकडे आतेभावाचं घरचं केळवण होतं. आत्याने दार उघडून मला पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, “या, पोलादी मानेच्या! विमानतळावर शिट्टी वाजेल ना गं तुझी?”

“टायटॅनियम आहे, वाजत नाही,” बाबा म्हणाले.

“मग काय उपयोग?” आत्या म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

जेवणं झाली. ज्येष्ठ मंडळी सोफ्यावर आणि खुर्च्यांवर ओळीने बसली, आणि आम्ही लहान मंडळी नमस्काराला निघालो. आतेभाऊ, त्याची होणारी बायको, मग माझ्या दोन आतेबहिणी, मग मी. समोर ओळीने आठ ज्येष्ठ बसले होते.

हात जोडून “डॉक्टरांनी सांगितलंय” म्हणायचं होतं. तेवढंच. पण माझ्या पुढचा प्रत्येक जण वाकून पुढे सरकत होता, ओळ चालू होती, आणि मला दिसत होतं की मी थांबले तर आठही जण एकदम माझ्याकडे बघणार. आत्या काहीतरी बोलणार. आई सांगत सुटणार, कुठे चिरलं, किती टाके. आणि आपण तर पेढे वाटलेत.

मी वाकले. साडी असल्यामुळे गुडघ्यात बसता येईना, म्हणून कमरेतून वाकले, आणि प्रत्येकाने डोक्यावर हात ठेवला की मान वर करून हसले. पाचव्या नमस्काराला, आत्याच्या सासूबाईंच्या पायांशी, मानेपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत एक कळ गेली. सारिकाने हवेत बोट ओढलं होतं अगदी तशी. मी राहिलेले तिघंही उरकले.

“संस्कार आहेत हो मुलीवर,” कुणीतरी म्हणालं.

मला त्या वाक्याने बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं.

दोन

सोमवारी सारिकाने विचारलं, “आकडा?”

खरा आकडा सहा होता. सहा म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, काय केलंत? मग नमस्कार सांगावे लागले असते. तिने एवढं बजावलं होतं. मग ते डॉक्टरांना कळलं असतं, घरी कळलं असतं, आणि बाबांनी चष्मा पुसला असता.

“दोन,” मी म्हणाले.

“अरे वा!” तिने वहीत लिहिलं. “मग रबरी पट्टा सुरू करू.”

कुणाला वाटेल, एवढं काय, पुढच्या वेळी खरं सांगायचं. पण एकदा दोन सांगितल्यावर पुढच्या वेळी सहा कसे सांगणार? मग पुन्हा दोन. एकदा तर मी “दीड” म्हणाले, तिला खरं वाटावं म्हणून. ती जोरात हसली. “दीड! ताई, तुम्ही हिशेबाला पक्क्या हाय.” पट्ट्यानंतर अर्ध्या किलोचं वजन आलं, मग एक किलोचं. ती माझं उदाहरण इतर पेशंटना द्यायची. “त्या ताई बघा. एक दिवस चुकवत नाहीत. तक्रार नाही काही नाही.”

घरी मी अंघोळीला जास्त वेळ लावायला लागले. गरम पाण्याखाली मान धरून उभी राहायचे. वेदनाशामक गोळ्या ऑफिसच्या बॅगेत, चार्जरच्या पाऊचमध्ये ठेवायचे. आईने विचारलं की “मस्त” म्हणायचे. आईवर चिडायला लागले होते. एकदा तिने नुसतं माझ्या मानेला हात लावला, तर मी “सारखी काय हात लावतेस!” म्हणून ओरडले. ती हात पदराला पुसत स्वयंपाकघरात गेली. हाताला काही लागलेलं नव्हतं.

हे असं पाच आठवडे चाललं. माझं कामच चुका लपू न देण्याचं. ऑफिसात कुणी रिपोर्टमधून एखादा दोष वगळला तर मी तो रिपोर्ट परत पाठवते.

पाणी

एका रविवारी जेवताना बाबांनी पाण्याचा तांब्या मागितला. मी डाव्या हाताने उचलला. तांब्या टेबलावरून निम्म्यापर्यंत गेला आणि मग माझ्या हातात राहिलाच नाही. बाबांच्या ताटात पाणी झालं. आमटी वाहत टेबलाच्या कडेला आली.

बाबा माझ्या हाताकडे बघत होते. अंगठा थरथरत होता, आणि तो मला थांबवता येत नव्हता.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला. हाड धरायला हवं तेवढं धरलं नव्हतं, आणि एक स्क्रू किंचित सैल वाटत होता. कॉलर पुन्हा चढली. सगळे व्यायाम बंद. तीन महिन्यांनी स्कॅन, आणि तेव्हाही हाड धरलं नसेल तर दुसरं ऑपरेशन, या वेळी मागून.

“वजन कधीपासून उचलायला दिलं?” डॉक्टरांनी सेंटरची फाइल उघडली. “इथे तर वेदना दोन, दोन, दीड, दोन लिहिलीय. यावरून कुणीही वजन वाढवलंच असतं.”

“म्हणजे न विचारताच लिहिलं असणार,” बाबा म्हणाले. “पाच आठवडे दुखणं दोनवर आणि सहाव्या आठवड्यात हातातून तांब्या सुटतो? ती लोणीची मुलगी. या मुली चार बुकं शिकतात आणि पांढरा कोट घालतात. मनानेच आकडे टाकले असतील.”

आईने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. कॉलरमुळे मला मान हलवून ‘नाही’ म्हणता येत नव्हतं, अशी सबब मी नंतर स्वतःला दिली. तोंड मोकळं होतं. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या मणक्यांकडे बघत बसले.

अर्ज

बाबांनी सेंटरच्या मुख्य सरांना अर्ज लिहिला. खात्यातल्या सवयीप्रमाणे वर ‘विषय’, खाली क्रमांक घातलेले मुद्दे. ‘संबंधित कर्मचाऱ्याने रुग्णास वेदनेविषयी विचारणा न करता नोंदी केल्या’ हा दुसरा मुद्दा होता. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला.

“पेशंट तू आहेस. तुझी सही लागेल.”

कॉलरमध्ये खाली बघता येत नाही. बाबांनी कागद उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला, उजव्या हातात पेन दिलं, आणि मागे पुठ्ठा धरून उभे राहिले. मी दुसरा मुद्दा पूर्ण वाचला. मग सही केली.

या आजारपणात मला ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली, म्हणजे दुसऱ्याने अंघोळ घालण्याची, घशात घास अडकून सर्वांसमोर बाहेर येण्याची, लग्नाचं विचारायला आलेल्यांनी खूण बघून लवकर उठण्याची, त्या सगळ्या या सहीसमोर किरकोळ होत्या. त्या माझ्यावर आल्या होत्या. ही मी केली होती.

दहा दिवसांनी आई माझे राहिलेले कागद आणायला सेंटरवर गेली. परत आली आणि चपला न काढताच माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“त्या मुलीकडचे पेशंट काढून घेतलेत. शेकाच्या मशीनपाशी बसवलीय, टायमर लावायला. मला बघून उठून उभी राहिली.” आईने कागद या हातातून त्या हातात घेतले. “तुझी बोटं कशी आहेत विचारत होती.”

मी कॉलरचा पट्टा सैल करून पुन्हा लावला.

“मधुरा, ती विचारायची का नाही गं तुला?”

“विचारायची.”

“मग तू काय सांगायचीस?”

मी सांगितलं. केळवणापासून सगळं सांगितलं. आवाज पुन्हा ऑपरेशननंतरसारखा झाला होता. आई दाराच्या चौकटीला टेकली. मला वाटलं जवळ येईल. ती आली नाही.

“माझ्याशीसुद्धा?” एवढंच म्हणाली. मग चपला काढल्या आणि त्या हातात घेऊनच म्हणाली, “बाबांना तू सांगायचंस. मी मधे पडणार नाही.”

बाबा

बाबा गॅलरीत शब्दकोडं सोडवत होते. मी उभ्यानेच सांगितलं, कारण एकदा बसले असते तर न सांगताच उठले असते. शेवटी मी म्हणाले, “तुम्ही म्हणाला होतात ना, उद्या म्हणू नकोस. म्हणून नाही सांगितलं.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“म्हणजे माझ्यामुळे.”

“नाही. माझ्यामुळे. पण ते डोक्यात होतं.”

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “अडतीस वर्षं नोकरी केली. एक खोटा कागद वर पाठवला नव्हता.” आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले. “चल.”

“आत्ता?”

“मग काय मुहूर्त बघायचाय?”

सेंटरवर मुख्य सरांनी सारिकाला केबिनमध्ये बोलावलं. ती दारापाशीच उभी राहिली, हात पाठीमागे घेऊन. बाबा खुर्चीवरून उठले.

“मी दिलेल्या अर्जातला मजकूर खोटा आहे,” ते म्हणाले. “मी तो खात्री न करता लिहिला. तुमच्याविषयी डॉक्टरांसमोर वाटेल ते बोललो, ते तुम्हाला ठाऊक नाही, पण बोललो. मी माफी मागतो.” आणि त्यांनी हात जोडले.

माझे बाबा रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाशीही वाद घालताना मी पाहिलेत. त्यांना सॉरी म्हणताना पाहिलं नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी ते सव्वीस वर्षांच्या मुलीसमोर हात जोडून उभे होते, आणि माझं नावही घेत नव्हते.

“काका, अहो, हात खाली करा,” सारिका घाबरून म्हणाली.

मग मी बोलले. मी सोफ्यावरच्या ओळीचं सांगितलं, सहाचं सांगितलं, दीडचं सांगितलं. सही माझी आहे आणि वाचून केली, हेही सांगितलं. सारिका ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला. रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली.

“मी घरी वही घेऊन बसत होते,” ती म्हणाली. “तुमची पानं परत परत बघत होते. कुठं चुकलं, कुठं चुकलं. म्हटलं माझ्या हातानं एका पोरीचा हात गेला. आई म्हणायला लागली, सोड हे, घरी बस. आणि तुम्हाला माहीत होतं!”

“हो.”

“पाया पडल्या तर पडल्या. तेवढं सांगायचं होतं. एक आठवडा थांबलो असतो, बास. मी काय मारणार होते का?” तिने डोळे पुसले, रागानेच. “एवढी शिकलेली माणसं तुम्ही.”

बाबांनी मान खाली घातली. मला घालता येत नव्हती.

मुख्य सर म्हणाले, तिचे पेशंट उद्यापासून तिच्याकडे परत येतील. मग त्यांनी विचारलं, “आणि मधुरा? कॉलर निघाल्यावर हिला कोण घेणार?”

“मी नाही घेणार, सर,” सारिका म्हणाली. राग उतरला होता, म्हणून ते जास्त लागलं. ती माझ्याकडे वळली. “सूड म्हणून नाही, ताई. तुम्ही आकडा सांगाल आणि मला तो खरा वाटणार नाही. मग माझा हात धजत नाही. त्यात तुमचंच नुकसान.”

परतीच्या रिक्षात बाबा दर स्पीडब्रेकरला रिक्षावाल्याला “सावकाश हो” म्हणत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, “ती मुलगी बरोबर बोलली.” मग रिक्षातून उतरताना, “मीही त्या दिवशी डॉक्टरांकडे नीट बोललो असतो तर बरं झालं असतं.” मला नक्की कुठला दिवस ते विचारण्याचं धाडस झालं नाही.

पडद्याच्या अलीकडे

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. हाड धरायला लागलं आहे, पूर्ण नाही. दुसरं ऑपरेशन तूर्त नको, असं डॉक्टर म्हणाले, पण ‘तूर्त’वर त्यांनी जोर दिला. मी त्यांना विचारलं, माझ्या खोटेपणामुळे असं झालं का. ते म्हणाले, सांगता येणार नाही. काहींचं हाड सगळं नीट करूनही वेळ लावतं. मला ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीतरी हवं होतं. ते मिळालं नाही, आणि मिळणारही नाही.

मी पुन्हा त्याच सेंटरवर जाते. आता मला एक पन्नाशीच्या मॅडम बघतात. वाईट दिवस असला की त्यांना तसं सांगते. घरीही सांगते. आई तेव्हा फार काही बोलत नाही, पण शेकायची पिशवी गरम करून आणते. तिचा हात अजून मानेला लागत नाही. उशीवर पिशवी ठेवते आणि जाते.

सारिका समोर आली की मान डोलावते. आमच्या कॉटच्या मधे निळा पडदा असतो. परवा तिच्याकडे एक नवीन बाई आल्या होत्या, शाळेत शिक्षिका असाव्यात, आवाज तसा होता. खांद्याचं ऑपरेशन झालेलं.

“दहापैकी किती दुखतंय?” सारिकाने विचारलं.

“फार नाही हो. तीन म्हणा.”

पडद्यापलीकडून पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला नाही. मी माझ्या कॉटवर हात स्थिर धरून ऐकत होते.

“बाई, परत विचारते,” सारिका म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. खरं किती?”

“काय गं, विश्वास नाही का?” बाई हसत म्हणाल्या. पण मग खालच्या आवाजात, “पाच असेल.”

पेन चाललं.

मी तिच्याकडे तीन महिने व्यायामाला येत होते. तेव्हा ती प्रत्येकाला एकदाच विचारायची.